उजनी शून्यावर, तरी धरणात ६३ टीएमसी: राजकीय मथळे वाचायचे कसे

२०२४ च्या जानेवारीत एका संध्याकाळी मी सोलापुरातल्या आमच्या होटगी रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मथळा होता, ‘उजनी शून्यावर!’ आणि त्याखाली एका पुढाऱ्याचा आरोप, की सोलापूरकरांचं पाणी पळवलं गेलं. मला तो वाचून काळजी वाटली, म्हणून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या मावशींच्या दारात टँकर उभा होता. त्या एकट्या राहतात, पेन्शनवर घर चालवतात. म्हणाल्या, “धरणच रिकामं झालं म्हणालात ना तुम्ही, मग नळाला काय येणार?”

नळाला ठरलेल्या दिवशी पाणी आलं. टँकरचे पैसे गेले ते गेलेच.

त्या मथळ्यातला आकडा खोटा नव्हता, हे मला नंतर कळलं आणि तेच जास्त लागलं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर. या ११७ पैकी ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी ‘मृतसाठा’ धरलं जातं आणि वरचं सुमारे ५३ टीएमसी ‘उपयुक्त साठा’. रोजची टक्केवारी फक्त या वरच्या ५३ वर काढतात. त्यामुळे उजनी शून्य टक्क्यांवर आलं तरी धरणात ६३ टीएमसी उरलेलं असतं. त्यात गाळही आला, सगळं उचलता येत नाही, कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलं जाणारं पाणी, मिळत नाही, शेतकऱ्यावर संकट येतंच. पण पिण्याचं पाणी मृतसाठ्यातूनही घेतात. पातळी खूपच उतरली की दुबार पंपिंग, म्हणजे पाणी दोन टप्प्यांत उचलणं, मग तिबार पंपिंग करतात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातूनही ५३ च्या निम्मं पाणी गेलं, गणिताने धरणात सुमारे ३७ टीएमसी शिल्लक. ऑगस्टमध्ये तेच धरण भरलं.

आता या एकाच आकड्यावर दोन मथळे करता येतात. ‘उजनी कोरडं, प्रशासन झोपेत’ हा एक आणि ‘उजनीत अजून ६३ टीएमसी, चिंता नको’ हा दुसरा. पहिला शहरात घबराट पसरवतो, दुसरा पाण्यावाचून उभ्या असलेल्या उसाला आणि केळीला विसरतो. आकडा दोन्हींत बरोबर आहे. दिशाभूल करणारा मथळा बहुतेक वेळा असाच असतो. निखळ खोटं पकडणं त्यामानाने सोपं. खऱ्या गोष्टीचा एकच कोपरा दाखवला की माणूस फसतो.

मथळा आणि बातमी ही अनेकदा दोन वेगळ्या माणसांची कामं असतात, हे वाचकांना सहसा माहीत नसतं. बातमीदार बातमी पाठवतो. मथळा डेस्कवरचा उपसंपादक देतो. छापील पानावर त्याला दोन कॉलमात सहा-सात शब्द बसवायचे असतात. ‘प्राथमिक’, ‘प्रस्तावित’, ‘एका याचिकेनुसार’ असे शब्द जागेअभावी पहिल्यांदा गळतात आणि बातमीचा प्रामाणिकपणा नेमका त्याच शब्दांत असतो. मोबाइलवर तर आणखी एक थर चढतो. पान उघडल्यावर दिसणारा मथळा, व्हॉट्सअॅपवर लिंकसोबत दिसणारा मथळा आणि व्हिडिओच्या थंबनेलवरचा मथळा हे तिन्ही वेगळे असू शकतात. लिंक उघडावी म्हणून शेवटचे दोन मुद्दाम तिखट करतात.

आणि लिंक उघडतो कोण? फेसबुकवरच्या २०१७ ते २०२० या काळातल्या, लिंक असलेल्या साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्टचा अमेरिकेतल्या संशोधकांनी अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७५ टक्के वेळा लोकांनी लिंक न उघडताच पुढे पाठवली होती. त्याआधी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं, की मथळा दिशाभूल करणारा असेल तर पूर्ण बातमी वाचूनही माणसाच्या आठवणीवर मथळ्याचीच छाप राहते. म्हणजे ‘मी आतलं वाचतो, मला काय होतंय’ असं म्हणून सुटता येत नाही.

भारतीय प्रेस परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, पत्रकारांसाठी जी आचारसंहिता घातली आहे तिच्यात मथळ्यांवर स्वतंत्र कलम आहे. मथळा भडक, चिथावणीखोर नसावा. खालच्या मजकुरातून तो सिद्ध झाला पाहिजे. मथळ्यात आरोप असेल तर आरोप कोणी केला ते सांगावं, निदान अवतरणचिन्हं तरी घालावीत. वाचकाला या शेवटच्या वाक्याचा फार उपयोग आहे. मथळ्यात एकेरी अवतरणचिन्ह दिसलं, की ती वृत्तपत्राने तपासलेली गोष्ट नाही, कुणाचं तरी म्हणणं आहे, असं समजायचं. ‘नगरसेवकाने निधी लाटला’ आणि ‘नगरसेवकाने निधी ‘लाटला’’ यांत त्या दोन चिन्हांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर पुरावा हाती नाही असंच धरून वाचायला सुरुवात करावी. पुरावा असता तर प्रश्न कशाला विचारला असता?

‘भूकंप’, ‘खळबळ’, ‘दणका’, ‘घणाघात’, ‘मोठी बातमी’ हे शब्द मी आता वाचताना मनातल्या मनात खोडून टाकतो. उरलेल्या शब्दांत काही घडलेलं आहे का, ते बघतो. बऱ्याचदा उरतं ते एवढंच, की एक पुढारी दुसऱ्याबद्दल काहीतरी बोलला.

काही शब्दांना मात्र कायद्याने नेमका अर्थ आहे आणि मथळ्यात तो सैल होतो. आपल्या जिल्ह्यातलं ठळक उदाहरण माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर गावातल्या मतांच्या आकड्यांवर काही गावकऱ्यांचा विश्वास बसेना. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन बघायचं त्यांनी ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस बंदोबस्त आला आणि मतदान झालंच नाही. ‘मारकडवाडीत फेरमतदान’ हे शब्द मात्र महाराष्ट्रभर फिरले. फेरमतदान हा कायद्यातला शब्द आहे. ते निवडणूक आयोगाच्या आदेशानेच होतं आणि त्याने निकाल बदलू शकतो. गावकऱ्यांचं मतदान झालं असतं तरी निकाल तसाच राहिला असता. निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. गावकऱ्यांची शंका रास्त होती की नव्हती हा वेगळा विषय. त्यावर कुणाचं काहीही मत असो, ‘फेरमतदान’ हा शब्द तिथे चुकीचाच होता. काही बातम्यांनी ‘चाचणी मतदान’ किंवा ‘प्रतिमतदान’ असं नीट लिहिलंही होतं.

कोर्टाच्या बातम्यांत हे रोज घडतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याखाली आला. ‘कोल्हापूर खंडपीठ’ असे मथळे आले. स्थापन झालं ते सर्किट बेंच. राज्य पुनर्रचना कायद्यात कायमच्या खंडपीठासाठी वेगळं उपकलम आहे आणि सर्किट बेंचसाठी वेगळं. पक्षकाराला मुंबईची खेप वाचली हे दोन्हींत खरं, पण त्यामागची कायद्याची तरतूद सारखी नाही. तसंच ‘न्यायालयाने फटकारलं’. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी खूप काही विचारतात, बोलतात. बंधनकारक असतो तो लेखी आदेश. ‘नोटीस बजावली’ म्हणजे उत्तर मागवलं. त्याने कोणी दोषी ठरत नाही. ‘जामीन मिळाला’ म्हणजे निर्दोष सुटला असंही होत नाही.

सर्वांत जास्त फसतो आपण ‘मंजूर’ या शब्दाला. रस्ता मंजूर, पाणी मंजूर, इतके कोटी मंजूर. सरकारी कामाच्या पायऱ्या असतात. आधी मागणीचं निवेदन, मग घोषणा, मग सर्वेक्षण, तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, निविदा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. यातल्या कोणत्याही पायरीवर ‘मंजूर’चा मथळा येतो आणि चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. एकाच रस्त्याचं अभिनंदन तीनदा झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून ‘मंजूर’ वाचलं की विचारायचं, कोणत्या पायरीवर?

हे कसं विचारावं, ते २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दाखवलं. उजनीत वरून येणारं पाच टीएमसी सांडपाणी उचलून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याला द्यायच्या योजनेच्या सर्वेक्षणाला मान्यता मिळाली. आपल्या वाट्याचं पाणी जाईल म्हणून इकडे आंदोलन पेटलं. मे महिन्यात मंत्र्यांनी आदेश रद्द करत असल्याचं जाहीर केलं, तसे मथळेही आले. आंदोलकांनी लेखी आदेशाचा आग्रह सोडला नाही. त्यानंतर तो निघाला. घोषणा आणि कागद यांत अंतर असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

हा कागद आता घरबसल्या बघता येतो. राज्य सरकारचे शासन निर्णय, म्हणजे जीआर, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकतात. प्रत्येक निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअॅपवर एखादा ‘जीआर’ आला तर तो संकेतांक संकेतस्थळावरच्या शोधचौकटीत टाकून बघायचा. खरा असेल तर निघतो. मंत्रिमंडळाचे निर्णय आणि जिल्ह्यातल्या सरकारी प्रेसनोट ‘महासंवाद’वर मिळतात. त्या सरकारची बाजू सांगणाऱ्या असतात हे ध्यानात ठेवून वाचाव्यात, पण तारीख, रक्कम आणि नेमका शब्द पडताळायला त्या चांगल्या.

आता बातमी देणारा कोण, हे कसं ओळखायचं? छापील वृत्तपत्राच्या बाबतीत सुरुवात सोपी आहे. कोणत्याही दैनिकाच्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण आणि कुठे छापलं, ते तिथे असतं. ही कायद्याची सक्ती १८६७ च्या कायद्यापासून आहे आणि १ मार्च २०२४ ला अमलात आलेल्या नव्या कायद्यातही आहे. प्रचाराच्या पत्रकालाही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. दारात पडलेल्या निनावी पत्रकावर विश्वास का ठेवू नये, याचं उत्तर तिथेच मिळतं. छापणाऱ्यालाच त्याची जबाबदारी नको आहे. यूट्यूब चॅनेल किंवा पोर्टल असेल तर ‘आमच्याविषयी’ उघडून बघायचं. संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव नाही, तर सावध व्हायचं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातम्या देणाऱ्यांना असा अधिकारी नेमायला सांगितलं आहे आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायला सांगितलं आहे.

पण नाव-पत्ता पुरत नाही, कारण देखणं पान कोणीही बनवतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना वेबसाइट तपासायला बसवलं. त्यांत १० इतिहासकार, १० पेशाने तथ्यतपासणी करणारे आणि २५ विद्यार्थी होते. नावं जवळजवळ सारखी असलेल्या दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांची पानं समोर ठेवली होती, एक जुनी मान्यताप्राप्त आणि दुसरी तिच्यातून फुटलेली छोटी. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले आणि त्यांतले बरेच फसले. तथ्यतपासणी करणाऱ्यांनी पान क्षणभर पाहिलं, सोडलं आणि बाजूला नवीन टॅब उघडून त्या संघटनेविषयी इतर काय म्हणतात ते शोधलं.

सोलापूरकराला हे समजायला अवघड नाही. मागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि धोटा टाकतो तो आडवा धागा म्हणजे बाणा. नुसत्या ताण्याने चादर होत नाही. एकच पान खालपर्यंत वाचणं हा ताणा झाला. तीच बातमी दुसऱ्या दोन ठिकाणी, शक्यतो विरोधी मताच्या ठिकाणी, कशी आली आहे ते बघणं हा बाणा. त्या दोन ठिकाणी ती आलीच नसेल, तर तेही बोलकं असतं.

इथे एक खाच आहे. पाच ठिकाणी आलं म्हणजे पाच पुरावे झाले, असं धरू नये. पाचही ठिकाणी परिच्छेदन् परिच्छेद सारखा असेल तर सगळ्यांनी एकच प्रेसनोट किंवा एकाच वृत्तसंस्थेची बातमी घेतलेली असते. बातमीच्या सुरुवातीला ‘वृत्तसंस्था’ आहे का ‘प्रतिनिधी’, हे बघितलं की अंदाज येतो. मी एकच प्रश्न धरून ठेवला आहे: हे त्यांना कुठून कळलं? बातमीदार तिथे हजर होता का, कागद पाहिला का, नाव घेऊन कोणाशी बोलला का, की नुसतं ‘सूत्रांनी सांगितलं’? सूत्रं कधीकधी खरी असतात, भ्रष्टाचाराच्या मोठ्या बातम्या अशाच बाहेर येतात. पण तिथे बातमीसोबत कागद असतो, समोरच्याची बाजू घेतलेली असते. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्यसुद्धा मला आश्वासक वाटतं, निदान फोन तरी लावला होता. चूक झाल्यावर खुलासा छापणाऱ्या वृत्तपत्रावर मी जास्त भरवसा ठेवतो. कधीच चुकत नाही असा कोणी नसतो.

पैसे घेऊन छापलेला मजकूर ओळखायचा तर कोपऱ्यात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ अशी बारीक खूण शोधायची. निवडणुकीच्या काळात खूण नसलेल्या पेड न्यूजवर नजर ठेवायला जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. तिच्याकडे नागरिकही तक्रार करू शकतो.

वाहिन्यांच्या नावाने फिरणारी फोटोकार्डं हा सध्याचा सर्वांत वाईट प्रकार. चिन्ह खरं, रंग खरा, वाक्य बनावट. ते कार्ड त्या वाहिनीच्या अधिकृत पानावर आहे का, एवढं बघितलं तरी बहुतेकांचा निकाल लागतो. वृत्तपत्राचं कात्रण असेल तर ई-पेपरमध्ये तो दिनांक, ती आवृत्ती, ते पान काढून बघायचं. दिनांक कापलेलं कात्रण मी पुढे पाठवत नाही. ते खरं असलं तरी पाच वर्षांपूर्वीचं असू शकतं. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला तर तो आधी कुठे वापरला गेला ते बऱ्याचदा सापडतं. मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांची तथ्यतपासणी वाचायला मिळते. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलच्या अफवांसाठी पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं फॅक्ट चेक आहे, पण ते सरकारचंच अंग असल्याने सरकारवरच्या टीकेचा निवाडा त्याच्यावर सोडू नये.

एवढी तपासणी करत बसायला वेळ कुणाला आहे, असं मला बरेच जण म्हणतात. त्यांना मी मंगळवेढ्याची आठवण देतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षा मागत फिरणारे लोक. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती, एवढंच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. आज मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, तो खूप वेळा पुढे गेलेला असतो आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो बाण दिसला की माझा अंगठा थांबतो.

घरात हे सांगताना जपून सांगावं लागतं. काकांनी टाकलेली बातमी चारचौघांत खोटी ठरवली की काका बातमी सोडून मानासाठी भांडतात. मी वेगळा मेसेज करतो, “काका, हे कुठून आलं? मला मूळ बातमी सापडत नाहीये.” बहुतेक वेळा काका स्वतःच काढून टाकतात. आणि जी बातमी आपल्याला आवडते, आपल्या पक्षाला सोयीची आहे, ती आधी तपासावी. नावडती बातमी आपण तशीही तपासतोच.

टँकर आला त्या दिवशी मावशींची माफी मागितली. पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग ज्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला होता, तिथेच लिहिलं: “काल मी टाकलेली उजनीची बातमी अर्धवट होती. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला. धरणात ६३ टीएमसी मृतसाठा आहे आणि पिण्याचं पाणी त्यातूनही घेतात. शेतीचं आवर्तन मात्र अडचणीत आहे, ती काळजी खरी आहे. मी न तपासता पाठवलं, चूक माझी. ज्यांनी हे पुढे पाठवलं असेल त्यांनी कृपया हा मेसेजही तिथे पाठवावा.”